निव्वळ आकड्याच्या आड

१ एप्रिल २०२५ पासून ‘सेबी’ने स्पेशलाइज्ड इन्व्हेस्टमेंट फंडांस मुभा दिली, आणि त्यांच्या समभाग योजनांना निव्वळ मालमत्तेच्या २५ टक्क्यांपर्यंत, डेरिव्हेटिव्हच्या द्वारे, संरक्षणाविना ‘शॉर्ट’ राहता येऊ लागले. तेव्हा किमान १० लाख रुपये गुंतविणारा अशील माहितीपत्रकातील ‘नेट एक्स्पोजर’वर बोट ठेवून त्याचा अर्थ आपणांस विचारणार, हे उघड आहे.

अल्फ्रेड विन्सलो जोन्स यांनी १९४९ साली न्यू यॉर्कमध्ये एक लाख डॉलरच्या भांडवलावर जो निधी उभारला, त्याचे तत्त्व असे की, चढतील असे वाटणारे समभाग प्रसंगी कर्ज काढूनही खरेदी करावेत आणि उतरतील असे वाटणारे उसने घेऊन विकावेत, म्हणजे बाजाराच्या सरसकट चढउताराचा परिणाम बव्हंशी परस्पर फिटून निवडीचे कौशल्य तेवढे शिल्लक राहते. परंतु कौशल्य राहते तेथे त्याचा अभावही राहतो. शंभर रुपयांच्या निधीत ६० ची खरेदी व ४० ची शॉर्ट विक्री असली तर निव्वळ आकडा, म्हणजे ‘नेट एक्स्पोजर’, २०. ११० ची खरेदी व ९० ची विक्री असली तरीही तो २० च. सारा बाजार एकसारखा दहा टक्के घसरल्यास दोघांचेही नुकसान दोनच रुपये. मात्र घेतलेले समभाग दहा टक्के उतरून विकलेले तितकेच चढले, तर पहिल्याची तूट दहा रुपये आणि दुसऱ्याची वीस.

शिवाय चुकलेली खरेदी उतरत्या भावाबरोबर निधीतील आपला वाटा आपोआप घटविते, तर चुकलेली शॉर्ट विक्री चढत्या भावाबरोबर देणे फुगवीत जाते. ऑक्टोबर २००८ मध्ये फोक्सवॅगनच्या ७४ टक्क्यांवर आपला अंमल असल्याचे पोर्शने जाहीर केले. लोअर सॅक्सनी राज्याचा सुमारे वीस टक्क्यांचा हिस्सा वजा जाता बाजारात विकण्याजोगे समभाग अत्यल्प उरले, आणि मंदीवाल्यांना मिळेल त्या भावाने खरेदी करणे प्राप्त होऊन भाव हजार युरोंपलीकडे गेला.

म्हणून सल्लागार बंधुभगिनींनी निव्वळ आकड्याबरोबर खरेदी व विक्री यांची बेरीज, म्हणजे ‘ग्रॉस एक्स्पोजर’, त्याची तारीख आणि सर्वांत मोठ्या शॉर्टचे प्रमाण ही तीन कलमे लेखी मागून घ्यावीत, व ती न देणाऱ्या योजनेची शिफारस करू नये.