चुण्या कापडातल्या आणि मनातल्या

सातवीच्या वर्गातला एक मुलगा रोज चुरगळलेला शर्ट घालून येत असे. शर्ट सुती, पांढरा, स्वच्छ धुतलेला. पण पाठीवर आणि बाह्यांवर चुण्याच चुण्या. एकदा आम्ही त्याला सर्वांसमोर उभे केले आणि म्हटले, "उद्या इस्त्री करून ये." तो खाली मान घालून म्हणाला, "केली आहे, सर." मुले हसली. तो खोटे बोलतो आहे असे समजून आम्ही त्याला आणखी दोन शब्द सुनावले.

त्याच आठवड्यात मुलांची अम्मी माहेरी गेली होती. जुम्याच्या नमाजला निघण्यापूर्वी आम्ही आपला सुती कुर्ता दोरीवरून काढला. उन्हात कडकडीत वाळला होता. इस्त्री पूर्ण तापवली, जोर लावून पाच-सहा वेळा फिरवली, पण चुण्या जशाच्या तशा. इतकी वर्षे आम्ही इस्त्रीचे कपडे घालत आलो, स्वतः इस्त्री कधी केली नव्हती. तेव्हा तो मुलगा आठवला. सूरह हुजुरातच्या 12व्या आयतीत ईमानवाल्यांना बदगुमानीपासून दूर राहायला सांगितले आहे, काही गुमान तर गुनाह असतात. ही आयत आम्ही कितीदा वाचली असेल, पण वर्गात ती आठवली नाही.

संध्याकाळी नाक्यावरच्या इस्त्रीवाल्या चाचांकडे कुर्ता घेऊन गेलो. ते हसले. "मास्तर, कोरड्या सुताला नुसती आग दाखवून काय होणार? आधी पाणी पाजा."

चाचांचे म्हणणे विज्ञानालाही धरून आहे. कापसाचा धागा सेल्युलोजचा असतो. धुताना पाणी आत शिरते आणि सेल्युलोजच्या लांब साखळ्यांना एकमेकींशी धरून ठेवणारे बंध सैल होतात. कापड वाळताना ते पुन्हा पक्के होतात, आणि त्या वेळी जिथे चुणी असेल तिथे ती बसते. म्हणून चुणी काढायची तर धाग्याला पुन्हा थोडे ओले करावे लागते. मग उष्णता आणि दाब मिळाला की कापड सपाट होते, आणि सपाट असतानाच कोरडे झाले की तसेच राहते.

आता आमच्या घरात ठरलेली रीत अशी आहे. शर्ट पिळून झाला की दोन-तीनदा जोरात झटकायचा, कॉलर आणि पट्ट्या हाताने ओढून सरळ करायच्या, मग वाळत घालायचा. थोडा दमट असतानाच काढला तर उत्तम. कडक वाळला असेल तर हाताने पाणी शिंपडून गुंडाळी करायची आणि पंधरा-वीस मिनिटे ठेवायची, म्हणजे ओल सगळीकडे सारखी पसरते.

इस्त्रीचा क्रमही ठरलेला आहे. आधी कॉलर, तीही उलट्या बाजूने आणि टोकांकडून मध्याकडे, नाहीतर टोकाशी चुणी गोळा होते. मग खांदे, कफ, बाह्या, पुढचे भाग आणि शेवटी पाठ. बटणांवरून इस्त्री फिरवायची नाही, त्यांच्या मधून न्यायची. कापड कोरडे होईपर्यंत इस्त्री करायची आणि शर्ट लगेच अंगात न घालता पाच मिनिटे हँगरवर गार होऊ द्यायचा. गरम कापडावर नवी चुणी चटकन पडते.

शर्टाच्या आतली चिठ्ठी जरूर पाहावी. इस्त्रीच्या चित्रात तीन ठिपके असतील तर 200 अंश सेल्सिअसपर्यंत चालते, दोन असतील तर 150, एक असेल तर 110. सुताला तीन ठिपक्यांची उष्णता चालते, पण टेरिकॉटला दोनच्या पुढे जाऊ नये. डाग असेल तर आधी धुवावा, इस्त्रीने तो पक्का होतो. आणि ओल्या हाताने बटण किंवा प्लग कधीही धरू नये.

सोमवारी आम्ही त्याच वर्गात, त्याच मुलांसमोर सांगितले, "हा मुलगा खरे बोलला होता, चूक आमची होती." नंतर कळले की त्याची अम्मी पहाटेच कामाला जाते आणि धाकट्या बहिणीचा गणवेशही तोच इस्त्री करतो. कार्यानुभवाच्या तासाला आम्ही टेबलावर चादर अंथरली आणि पाणी शिंपडण्यापासून सगळे करून दाखवले. दुसरा शर्ट त्यानेच केला, आमच्यापेक्षा चांगला.

हजरत आयशा (रजि.) यांच्या रिवायतीत येते की प्रेषित (स.) घरकामात हात लावत, आपले कपडे स्वतः शिवत, चपला दुरुस्त करत. मग चाँदरातीला घरभराच्या कुर्त्यांचा ढीग एकट्या अम्मीसमोर का असावा? येत्या ईदला प्रत्येकाने आपला कुर्ता आपण इस्त्री करावा. मुलांना आजपासून शिकवले तर तोवर हात बसेल, इन्शाअल्लाह.