घरबसल्या पदवी

गेल्या कांहीं वर्षांत आमच्या खानदेशांतील सुशिक्षित घरांत एक नवा प्रश्न उभा राहिला आहे. घरची सून किंवा मुलगी म्हणते, ‘मला इंग्रजी विषय घेऊन बी. ए. व्हावयाचें आहे. रोज कॉलेजांत जाण्याचें कारण नाहीं. सर्व अभ्यास संगणकावर व मोबाइलवर होतो.’ यावर वडील मंडळींत दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, कॉलेजचा उंबरठा न ओलांडतां मिळालेली पदवी ती कसली पदवी? दुसरा म्हणतो, शिकूं द्या. घरींच बसून शिकणार, तेव्हां कामाची कांहीं खोटी होणार नाहीं. धुळ्याच्या एका वृद्ध गृहस्थांनीं आपल्या धाकट्या सूनबाईंच्या बाबतींत हाच प्रश्न आम्हांस विचारला आहे, आणि तो अनेक घरांचा असल्यामुळें त्याचा विचार या सदरांत करीत आहों. आमच्या मतें हे दोन्ही पक्ष चुकीचे आहेत. परंतु पहिल्यापेक्षां दुसरा अधिक घातक आहे. तें कसें, हें क्रमानें सांगतों.

आधीं पदवीच्या खरेपणाविषयीं. दूर राहून शिकण्याची पद्धत कालपरवांची नव्हे. लंडन विद्यापीठानें १८५८ सालींच बाहेरून परीक्षेस बसणाऱ्यांसाठीं आपलें दार उघडलें. आपल्या देशांत दिल्ली विद्यापीठानें १९६२ सालीं पत्रद्वारा शिक्षण सुरू केलें व मुंबई विद्यापीठानें १९७१ सालीं तोच मार्ग धरिला. पुढें १९८५ सालीं इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, ज्यास लोक ‘इग्नू’ म्हणतात तें, स्थापन झालें. आणि १९८९ सालीं आपल्या शेजारीं नाशिकास यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघालें. ज्यांचें शिक्षण मध्येंच सुटलें होतें, अशांसाठीं या नाशिकच्या विद्यापीठानें पूर्वतयारीचा अभ्यासक्रम ठेवून त्यांस पदवीची वाट मोकळी करून दिली होती. पूर्वीं टपालानें जाड पुस्तकें येत. आतां तींच पडद्यावर वाचतां येतात व व्याख्यानेंही ऐकतां येतात. साधन पालटलें, अभ्यास पालटला नाहीं.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०२० सालीं दूरस्थ व ऑनलाइन शिक्षणाचे विनियम केले. आणि मान्यताप्राप्त संस्थेनें या मार्गानें दिलेली पदवी नेहमींच्या पदवीशीं समकक्ष मानावी, असें २०२२ सालीं पुन्हां जाहीर केलें. राज्यसेवेच्या परीक्षेस बसावयाचें झाल्यास कोणत्याही शाखेची मान्य पदवी चालते. तेव्हां ‘ही पदवी खरी नव्हे’ या आक्षेपांत अर्थ उरलेला नाहीं. मात्र ‘मान्यताप्राप्त’ या शब्दावर सर्व भार आहे. संस्था जुनी व नांवाजलेली आहे एवढ्यानें भागत नाहीं. त्या वर्षीं, त्याच अभ्यासक्रमास मान्यता आहे किंवा नाहीं, हें आयोगाच्या दूरशिक्षण विभागानें प्रसिद्ध केलेल्या यादींत पाहून मगच शुल्क भरावें. २०२४ पासून प्रवेशापूर्वीं विद्यार्थ्यानें स्वतःचा ओळखक्रमांक काढावा, असाही नियम झाला आहे. तो सूनबाईंनीं स्वतः काढावा, कोणा मध्यस्थाच्या हातीं देऊं नये. ‘हमखास उत्तीर्ण’ अशी पाटी लावून बसलेल्यांच्या वाटेस तर जाऊंच नये. जो परीक्षेपूर्वींच निकाल सांगतो, तो विद्या विकत नसून कागद विकत असतो.

आतां दुसऱ्या पक्षाकडे वळूं. ‘घरबसल्या’ हा शब्द मोठा फसवा आहे. तो ऐकतांच आम्ही समजतों कीं, घरांतलीं सर्व कामें उरकून, दुपारीं जी एक डुलकी काढावयाची, तेवढ्या वेळांत ही पदवी होऊन जाईल. म्हणून थोडें गणित मांडूं. नव्या शैक्षणिक धोरणास अनुसरून आयोगानें आखलेल्या चौकटींत तीन वर्षांच्या पदवीस किमान १२० श्रेयांक लागतात. दूरशिक्षणांत एका श्रेयांकास ३० तासांचा अभ्यास धरितात. म्हणजे एकंदर ३६०० तास झाले. तीन वर्षांचे दिवस १०९५. भागाकार केला असतां रोजचे सुमारें सव्वातीन तास येतात, आणि यांत दिवाळी, गौरी-गणपती, पाहुणे व आजारपण यांची एकही सुटी धरलेली नाहीं. हे सव्वातीन तास एकत्र कुटुंबांतील सुनेनें कोठून आणावे? पहांटे पाणी भरण्यापासून रात्रीं ओटा पुसण्यापर्यंत जिचा दिवस वांटला गेलेला आहे, तिच्या वांट्यास उरते ती फक्त झोप. मग ती झोपेंतून तास काढते, सहा महिन्यांनीं डोळे व पाठ दुखूं लागते, आणि वर्षाअखेर घरांत म्हटलें जातें, ‘आम्ही कोठें नको म्हटलें होतें? तिलाच झेपलें नाहीं.’

वाचकहो, विरोध करणारा सासरा निदान समोर दिसतो व त्याची समजूत घालतां येते. परंतु तोंडानें होकार देऊन एकही तास न देणारें घर हें अधिक निष्ठुर होय. कारण तेथें अपयशाचा दोष शिकणारीवरच येतो. कॉलेजांत जाणाऱ्या मुलीस निदान चार तास घराबाहेरचे मिळतात. तिला कोणी ‘जरा चहा टाक’ म्हणून वर्गांतून उठवीत नाहीं. घरीं शिकणारीस भिंती नाहींत. त्या भिंती घरच्यांनीं उभ्या करावयाच्या असतात.

यासाठीं कांहीं गोष्टी आधींच ठराव्या. सकाळचे दीड व संध्याकाळचे पावणेदोन, असे तास नेमून ते घरांत सर्वांस सांगावे, व त्या वेळेचें काम कोणी करावयाचें हेंही नांवानिशीं ठरवावें. तें नांव प्रत्येक वेळीं मोठ्या जावेचेंच असूं नये. नाहीं तर एकीच्या विद्येचें ओझें दुसरीच्या पाठीवर पडून घरांत कायमची अढी बसेल. पुरुषांनीं आपलीं ताटें उचलून ठेविलीं, मुलांचा अभ्यास घेतला व दळण आणिलें, तरी त्यांतून एक तास सहज निघतो. आणखी एक गोष्ट. इग्नूच्या सत्रान्त परीक्षा सामान्यतः जून व डिसेंबर या महिन्यांत होतात. जूनच्या परीक्षेची तयारी म्हणजे आमच्या जळगांव-धुळ्याचा चैत्र-वैशाख: अंग भाजणारें ऊन, लग्नसराई आणि पापड-कुरडयांचें वाळवण, हीं तिन्ही एकदमच येतात. त्या वर्षीं वाळवण थोडें कमी घातलें किंवा विकत आणिलें, तर कुळाचारास बाध येत नाहीं.

‘पण इंग्रजीच कशाला? आपली भाषा विसरेल,’ अशी एक शंका धुळ्याच्या गृहस्थांनीं घेतली आहे. आमचा जन्म संस्कृत शिकविण्यांत गेला, म्हणून आम्ही त्यांचीच री ओढूं अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु परकी भाषा मन लावून शिकणारा मनुष्य स्वभाषेस पारखा होतोच, असा अनुभव नाहीं. यावल तालुक्यांतील सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांनीं अनेक वर्षें इंग्रजीचें अध्यापन केलें, त्यांत धुळ्याचाही समावेश होतो. आणि लिहिलें तें मराठींत. ‘कोसला’ १९६३ सालीं निघाली व २०१४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांस मिळाला. अमळनेरच्या शाळेंत शिक्षक असलेल्या साने गुरुजींनीं टॉल्स्टॉयचा कलेवरील ग्रंथ मराठींत आणिला. दोन भाषा जाणणारा मनुष्य शब्द जपून वापरतो. कारण प्रत्येक शब्दाचें वजन त्यानें दोन तराजूंत केलेलें असतें.

मग पदवीनें लेखक होतां येतें काय? नाहीं. याचा पुरावा जळगांवाजवळच्या असोद्यांत आहे. बहिणाबाई चौधरींस अक्षरओळख नव्हती. शेतांत व घरांत काम करतां करतां त्यांनीं ओव्या रचिल्या. त्यांचे पुत्र सोपानदेव व नात्यांतील मंडळींनीं त्या उतरून घेतल्या, म्हणून १९५१ सालीं त्या गेल्यानंतर १९५२ सालीं पुस्तक निघूं शकलें. १९९० सालीं स्थापन झालेल्या जळगांवच्या विद्यापीठानें २०१८ सालीं त्यांचें नांव धारण केलें. ज्या बाईस सही करतां येत नव्हती, तिच्या नांवाच्या विद्यापीठाकडून आज हजारों मुलें पदव्या घेतात! यावरून कोणी म्हणेल, पाहा, पदवीची गरज काय? आम्ही उलट विचारतों: उतरून घेणारें कोणी भेटलें नाहीं, अशा किती बहिणाबाईंच्या ओव्या जात्याबरोबर बंद पडल्या असतील? प्रतिभा विद्यापीठ देत नाहीं. परंतु आपलें मनोगत आपल्या हातानें लिहिण्याचें सामर्थ्य शिक्षण देतें, आणि मग दुसऱ्याच्या कृपेची वाट पाहावी लागत नाहीं.

शेवटीं शिकणारीस दोन शब्द. या पद्धतींत एक उणीव खरी आहे: समोर बसून चूक दाखविणारा गुरु नसतो. ती उणीव आपण भरून काढावी. मूळ पुस्तक वाचावें, मार्गदर्शिका मागाहून पाहावी. रोज एक पान इंग्रजींत हातानें लिहावें व आठवड्यांतून एकदां इंग्रजी उताऱ्याचें मराठी भाषांतर करावें. साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयांतील मुलांसाठीं ‘छात्रालय दैनिक’ हातानें लिहून काढीत. पुढें १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत ‘श्यामची आई’ लिहितांना जो ओघ त्यांस साधला, त्यास या रोजच्या सरावाचें पाठबळ खासच असेल. गांवांतील एखाद्या निवृत्त इंग्रजी शिक्षकास किंवा शिक्षिकेस पंधरा दिवसांनीं वही दाखवावी. आमच्या वर्गाचीं माणसें अशा विनंतीस सहसा नाहीं म्हणत नाहींत. इग्नूच्या पद्धतींत सुमारें ३० टक्के गुण घरीं लिहावयाच्या स्वाध्यायांस असतात. आजकाल यंत्रास विचारलें असतां तें क्षणांत निबंध लिहून देतें. तो मोह टाळावा. गुण मिळतील, पण लिहितां येणार नाहीं. आणि श्रवण, मनन व निदिध्यासन हीं यंत्राकडून करून घेण्याची सोय अद्याप कोणत्याही शास्त्रांत सांगितलेली नाहीं.

वडीलधाऱ्यांस आमचें मागणें थोडेंच आहे. शुल्क तर आपण भरालच. त्याबरोबर माजघरांतील एक खिडकीजवळची जागा, एक टेबल, एक चांगला दिवा आणि दाराशीं उभें राहून ‘तिचा अभ्यास चालला आहे, मी येतों,’ असें म्हणणारें घरांतील एक वडील माणूस, एवढें द्यावें. हें माणूस स्वतः सासरेबुवाच असले, तर फारच उत्तम.