होडी धुतल्यानं धरण आटत नाही

दुष्काळ पडला की कायदा पहिल्यांदा बादलीवाल्याला सापडतो. पाइपलाइन जमिनीखालून गेलेली असते, मोटारीवर पत्र्याचं शेड असतं, कालव्याच्या दाराला कुलूप असतं. बादली तेवढी उघड्यावर. त्यामुळं टंचाईची नोटीस निघाली की तिच्यात हटकून एक ओळ येते : नदीपात्रात वाहनं, जनावरं, होड्या धुवायला मनाई. या ओळीवर माझा राग आहे.

आमचं गाव उजनीच्या पाणफुगवट्यावर. भीमेवरचं हे धरण 1980 साली पुरं झालं आणि काठाच्या जुन्या वाटा पाण्याखाली गेल्या. पल्याडच्या गावाला जायचं तर होडी, नाहीतर रस्त्यानं लांबचा वळसा. मासेमारी होडीवरच. एका टंचाईच्या उन्हाळ्यात आमचा होडीवाला काठाला होडी लावून धूत होता. नारळाची शेंडी, मूठभर राख आणि नदीचंच पाणी. गाडीतून उतरलेल्या एका साहेबांनी त्याला हटकलं, "लोकांना प्यायला पाणी नाही अन् तू होड्या धुतोयस?"

तो खाली मान घालून म्हणाला, "साहेब, मी पाणी नेलं कुठं? हितलंच उचललं, हितंच सांडलं."

साहेबांनी फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो गावोगावच्या मोबाइलवर फिरला, खाली 'पाण्याची नासाडी' असं लिहून. होडीवाल्याचं उत्तर कुणी लिहिलं नाही. सगळ्या प्रकरणात शहाणं वाक्य तेवढंच होतं.

आता हिशेब करू. होडी धुवायला दहा बादल्या धरा, म्हणजे दीडशे लिटर. त्यातलं फळ्यांवर वाळून जाईल ते तांब्या-दोन तांबे, बाकीचं परत नदीत. उसाच्या एका एकराला वर्षाचं पाणी लागतं 80 लाख ते एक कोटी लिटर. माझ्याही रानात ऊस आहे, त्यामुळं हे मला कुणी शिकवायला नको. ते दीडशे लिटर सगळंच्या सगळं वाया गेलं असं धरलं, तरी एका एकराच्या पाण्यात होडी पन्नास हजारांवर वेळा धुऊन निघेल. रोज धुतली तर जवळजवळ दीडशे वर्षं. ऊस लावू नका असं मी म्हणत नाही. तुरीला, ज्वारीला कारखान्यासारखं ठरलेलं गिऱ्हाईक द्या, मग बघा किती जण उसाच्या मागं लागतात ते. पण निदान बोट तरी योग्य जागी दाखवा. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. त्याच उन्हाळ्यात उच्च न्यायालयानं आयपीएलचे सामने राज्याबाहेर न्यायला लावले, कारण मैदानांना मारायचं पाणी लोकांना दिसत होतं. त्याच हंगामात मराठवाड्यात ऊस गाळला गेला, त्यावर तेवढी बोंब झाली नाही. उसातलं पाणी दिसत नाही.

आणि ऊन? एप्रिल-मेच्या उन्हात उघडं पाणी दिवसाला सात-आठ मिलिमीटर उडतं. म्हणजे एका हेक्टरावरनं रोज सत्तर-ऐंशी हजार लिटर, आणि उजनीचं पाणी हजारो हेक्टरांवर पसरलेलं. सूर्याला नोटीस देता येत नाही, खरं आहे. पण सोलापूरला प्यायला म्हणून जे पाणी नदीत सोडतात, ते शंभराहून जास्त किलोमीटर उघड्या पात्रातनं जातं. वाळूउपशाच्या खड्ड्यांत मुरतं, काठच्या मोटारी ओढतात, वरनं ऊन पितं. ते सगळं बंद पाइपातनं न्यायचं काम माणसाच्या हातातलं. त्यावर चर्चेत किती वर्षं गेली ते सोलापूरकरांना विचारा.

शिवाय होडी दुष्काळातच जास्त धुवावी लागते, हे काठावर न राहणाऱ्याला कळत नाही. पाणी मागं सरकलं की गुडघाभर गाळ उघडा पडतो. होडी त्यातनं ढकलत न्यायची, आणि चढणारा प्रत्येक जण पायाला चिखल घेऊन येणार. त्यावर चिलापीचे खवले, माशांचा बुळबुळीत चिकटा. अशा फळीवर म्हातारी माणसं पाय ठेवतात, दप्तरवाली पोरं पाय ठेवतात. कुणी घसरून पाण्यात गेलं तर नोटीस काढणारा उडी टाकणार आहे का? लाकडाची होडी वाळू दिली तर फळ्या आकसतात, फटी पडतात, मग पाणी आत. म्हणून तिला ओलंच ठेवावं लागतं. बैलाला खरारा करावा तसलं हे काम.

मग दुसरा मुद्दा काढतात, की पाणी घाण होतं. इथं मात्र हसावं का रडावं कळत नाही. पुण्याचं, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतनं भीमेत आणि भीमेतनं आमच्या दारात येतं. उन्हाळ्यात पाणी हिरवं होतं, काठाला वास मारतो. पुण्यात कुणी पिण्याच्या शुद्ध पाण्याचा पाइप लावून मोटारगाडी धुतो, ते पाणी साबणासकट गटारातनं निघून शेवटी आमच्या होडीखाली येतं. त्या पाण्यानं होडी धुतली तर गुन्हेगार कोण, होडीवाला!

इंजिनाच्या होडीचं जळकं ऑइल कुणी नदीत ओतत असेल, धुण्याची पावडर टाकत असेल, त्याला जरूर दंड करा. पावती फाडायला मी बरोबर येतो. पण मग नोटिशीत तसं लिहा, तेल नको, पावडर नको. पाणी वाचवायचं नाव त्याला देऊ नका.

उजनीत 117 टीएमसी पाणी मावतं, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. एक टीएमसी म्हणजे 2,831 कोटी लिटर. 2024 च्या उन्हाळ्यात धरण उण्यात गेलं, पळसदेवचं बुडालेलं जुनं देऊळ उघडं पडलं. इतकं पाणी बादलीनं गेलं नाही. नदीतनं उचललं किती आणि नदीत परत आलं किती, एवढंच ज्याचं त्याचं मोजा. काठच्या मोठ्या मोटारींना मीटर बसवा, माझ्याही मोटारीला बसवा. कारखाने, उद्योग, शहरं किती ओढतात ते आकडे महिन्याच्या महिन्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. होडीवाल्याची ओळ पुसली की तेवढी जागा तिथं होईल.