मैदान मारून आल्यावर

घोडं पेंड खाताना दिसलं की मराठी माणसाच्या कपाळाला आठी पडते. लग्न जमेना, कर्ज मिळेना, कचेरीतला कागद हलेना, की आपण विचारतो, ‘घोडं कुठं पेंड खातंय?’ गेली वीस वर्षं हा वाक्प्रचार मी वर्गात शिकवतो आहे. रेसच्या पागेत मात्र तो नेमका उलटा चालतो. तिथं घोडं खात असेल तर सगळं ठीक. त्यानं दाण्यावरून तोंड फिरवलं, की माणसांच्या तोंडचं पाणी पळतं. हे ज्ञान मला माझ्या एका विद्यार्थ्याच्या मामांनी दिलं. ते पुण्याच्या रेसकोर्सवर सईस आहेत. विद्यार्थी त्यांना मामा म्हणतो, म्हणून मीही म्हणतो. आणि ते मला ‘मास्तर’ म्हणतात.

प्रथमच सांगून टाकतो, की मी पैसे लावत नाही. प्राध्यापकाचा पगार आणि आमच्या सौभाग्यवतींची नजर, दोन्ही त्याच्या आड येतात. पण घोडा पाहायला पैसे लागत नाहीत.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा पुण्याचा पावसाळी मोसम सरत आलेला असेल आणि मुंबईचा महालक्ष्मीचा मोसम तोंडावर असेल. त्या मोसमाचा कळस म्हणजे फेब्रुवारीतली इंडियन डर्बी. चार वर्षांचे घोडे, २४०० मीटरांचा पल्ला. १९४३ साली पहिली डर्बी झाली, ती ‘प्रिन्सेस ब्युटिफुल’ नावाच्या घोडीनं जिंकली. अशा मोठ्या शर्यतीआधी घोडे पॅडॉकमध्ये गोल फिरवतात, आणि कठड्याभोवती परीक्षकांची ही गर्दी उसळते. वधूपरीक्षाही इतक्या बारकाईनं होत नसेल.

मामांनी मला ही परीक्षा शिकवली. अंगावरची लव रेशमासारखी चमकते का, हे पहिलं. फासळ्यांची पुसट चाहूल लागावी, पण त्या मोजता येऊ नयेत. घोडा मागून पाहावा. मांड्यांच्या स्नायूंमध्ये उभी रेघ उमटली असेल तर मेहनत अंगी लागली आहे. चालताना मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशाच्या पुढं पडावा. कान जागे, डोळा शांत. मान आणि मांड्यांच्या मध्ये घामाचा फेस आला असेल तर घोडा शर्यतीआधीच शर्यत धावून बसला. मात्र मुंबईच्या दमट हवेत नुसत्या घामाला भिऊ नये. तिथं कठड्याबाहेरचे परीक्षकही निथळत असतात.

हे कसब आहे, याला थोरामोठ्यांचा दाखला आहे. घोड्यांच्या शर्यतीत जिंकणं हे मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असतं, असं १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं. पण हे कौशल्यही एका मर्यादेपर्यंतच पोचतं. अमेरिकेतल्या ‘सेक्रेटॅरिएट’ या घोड्याचीच गोष्ट घ्या. २१ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या वुड मेमोरियल शर्यतीत तो तिसरा आला. लगेच पंडित म्हणू लागले, की या रक्ताला लांबचा पल्ला झेपत नाही. वास्तविक त्याच्या वरच्या ओठाच्या आत गळू झालं होतं. लगाम ताणला की कळ जायची. कठड्यापाशी उभं राहून ते कुणाला दिसणार? गळू बरं झालं आणि दोनच आठवड्यांनी, ५ मे रोजी, तो केंटकी डर्बी धावला. सव्वा मैलाच्या त्या शर्यतीत त्यानं प्रत्येक पाव मैल आधीच्या पाव मैलापेक्षा कमी वेळात कापला. ९ जूनला दीड मैलाची बेलमाँट त्यानं ३१ घोडे अंतरानं जिंकली. दोन्ही ठिकाणची त्याची वेळ अजून कुणी मोडलेली नाही.

म्हणून मामा म्हणतात, की पॅडॉकमध्ये घोडा अर्धाच दिसतो. उरलेला अर्धा शर्यतीनंतर दिसतो. पण तोवर लोक तिकिटं फाडून घरी गेलेले असतात.

शर्यत संपते तेव्हा घोड्याच्या शरीरात काय चाललेलं असतं ते ऐकण्यासारखं आहे. विश्रांतीत त्याचं हृदय मिनिटाला तीस-चाळीस ठोके देतं. भरधाव धावताना ते दोनशेच्या वर जातं. चौखूर उधळलेला घोडा प्रत्येक टापेच्या फेऱ्याला एकच श्वास घेतो. एरवी पांथरीत साठवलेल्या तांबड्या पेशी त्या वेळी रक्तात उतरतात. फुप्फुसाच्या बारीक वाहिन्या ताणून फुटतात, आणि शर्यतीनंतर दुर्बिणीनं पाहिलं तर पुष्कळ घोड्यांच्या श्वासनळीत रक्ताचा अंश सापडतो. बाहेर मात्र हारतुरे आणि छायाचित्रं चालू असतात.

त्यानंतर सईसाचं राज्य सुरू होतं. भाकरी, घोडा आणि विड्याचं पान या तिघांना एकच उत्तर असलेलं जुनं कोडं तुम्हांला आठवत असेल. ते उत्तर पागेत अक्षरशः पाळतात. घोड्याला आंघोळ घालून, घोट घोट पाणी पाजत, श्वास ठिकाणावर येईपर्यंत फिरवत राहतात. नाडी किती वेळात उतरली, हे पाहतात. मग रात्रीचा दाणा, आणि दुसऱ्या पहाटे गव्हाणीत डोकावणं.

गेल्या मोसमात एका मोठ्या शर्यतीनंतरच्या पहाटे मी मामांबरोबर पागेत होतो. एकाच ट्रेनरचे दोन घोडे शेजारीशेजारी बांधले होते. एक आदल्या दिवशी जिंकला होता, दुसरा चौथा आला होता. चौथ्याची गव्हाण चाटूनपुसून स्वच्छ. जिंकलेल्यानं निम्मा दाणा तसाच टाकलेला. मामा काही बोलले नाहीत. खाली बसले आणि त्याच्या पुढच्या पायाच्या नळीमागून तळहात हळूहळू खाली नेला; मग दुसऱ्या पायावरून; मग पुन्हा पहिल्यावरून. ताप आलेल्या पोराच्या कपाळावर आई हात ठेवते, तसा.

‘डावा कोमट लागतोय, मास्तर,’ ते म्हणाले. मी हात लावून पाहिला. मला दोन्ही पाय सारखेच लागले.

मालकांना पंधरा दिवसांनी तोच घोडा पुन्हा उतरवायचा होता. घोडा ऐन भरात आहे, लोखंड तापलं आहे, असं त्यांचं म्हणणं. ट्रेनरनं मामांचं ऐकलं, डॉक्टर आणले. कंडरेला किंचित सूज निघाली. घोडा मोसमभर बांधून ठेवला. मालक बरेच दिवस घुश्शात होते.

यात मालकांचं तरी काय चुकलं? यश दिसतं, थकवा दिसत नाही. माणसाच्या स्नायूंतली खर्च झालेली शिदोरी एका दिवसात बरीचशी भरून येते. घोड्याला दोन-तीन दिवस लागतात. हाडांचं गणित तर आणखी सावकाश. शर्यतीत पाय मोडतो तो क्षणात मोडलेला दिसतो. पण तपासात बहुधा आढळतं, की त्या हाडाला आधीच बारीक इजा होत आली होती. जिंकल्याच्या भरात विश्रांती कापली, की ती वसुली तिथं होते. आणि घोड्याला तक्रार करायला तोंड नसतं. असते ती फक्त उरलेल्या दाण्याची गव्हाण.

या डर्बीला तुम्ही महालक्ष्मीला गेलात, तर पॅडॉकमध्ये घोडा अवश्य पाहा. लव पाहा, चाल पाहा. पण शर्यत संपल्यावर दहा मिनिटं जास्त थांबा. घोडे परत येतात तेव्हा त्यांच्या नाकपुड्या पाहा, पाऊल कसं पडतं ते पाहा, आणि लगाम धरून बाजूनं चालणाऱ्या माणसाकडेही पाहा.

मामांचा तो घोडा आता रोज सकाळी हलकी दौड करतो. त्या पंधरवड्यात तो धावला असता तर काय झालं असतं, हे कुणालाच सांगता येणार नाही. न मोडलेल्या पायासाठी करंडक देण्याची पद्धत अजून कुठल्या मैदानावर पडलेली नाही. मामांना त्याचं काही वाटत नाही. गव्हाण रिकामी झाली का, एवढंच ते पाहतात.