बातमीतली किडनी उंदराची होती

सांगलीत किडनीच्या डॉक्टरनं हळदीबद्दल शंका काढायची म्हणजे धाडसच. माझे निम्मे पेशंट मार्केट यार्डाशी जोडलेले. परवा एका अडत्यांनी मोबाइल पुढं केला. ‘‘डॉक्टर, नॅनो हळदीनं किडनी सुधारती म्हणं. आपलीच हळद, भ्यायचं काय?’’ बातमी खोटी नव्हती. प्रयोग उंदरांवरचा आहे, एवढं मात्र अगदी शेवटच्या ओळीत होतं.

कल्पना मलाही आवडते. सर्पदंश, जुलाब, पेनकिलरचा मारा, सिस्प्लॅटिनसारखं कॅन्सरचं औषध, यांनी किडनीतल्या सूक्ष्म नलिकांच्या पेशी मरतात. मग दाह सुरू होतो आणि तो धडधाकट पेशींनाही सोडत नाही. हा दाह थेट आवरणारं खात्रीचं औषध आज आमच्याकडं नाही. आम्ही पाणी-क्षार सांभाळतो, लागलं तर डायलिसिस करतो आणि वाट पाहतो.

हळदीतलं कर्क्युमिन प्रयोगशाळेत हा दाह उतरवतं. पण ते पाण्यात विरघळत नाही, आणि जे शोषलं जातं त्याचा आतडं नि यकृत लगेच निकाल लावतात. 1998 मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी माणसांना 2 ग्रॅम कर्क्युमिन दिलं, तर रक्तात ते जेमतेम सापडलं. म्हणून ते नॅनोकणांत भरून पोचवण्याचा खटाटोप. त्यातही पेच आहेच. साधारण 6 नॅनोमीटरहून बारीक कण लघवीवाटे निघून जातात, मोठे बरेचसे यकृत आणि प्लीहा अडवून ठेवतात.

आणि माणसांचं काय? कॅनडात महाधमनीच्या शस्त्रक्रियेच्या 606 रुग्णांवर साध्या कर्क्युमिनची चाचणी झाली. 2018 मध्ये निकाल आला. अचानक किडनी बिघडण्याचं प्रमाण नकली गोळी घेणाऱ्यांत 10 टक्के, कर्क्युमिन घेणाऱ्यांत 17! पुढं तिथंच जुन्या किडनीविकाराच्या 500हून अधिक रुग्णांवर सूक्ष्मकणांच्या कर्क्युमिनची सहा महिने चाचणी झाली. फायदा दिसला नाही. यावरून संशोधन थांबवावं असं मी म्हणणार नाही. कणाची घडण बदलली की निकालही बदलू शकतो. पण मग प्रत्येक नव्या कणाची परीक्षाही नव्यानंच व्हायला हवी.

दुकानात मात्र ‘नॅनो कर्क्युमिन’च्या डब्या आधीच पोचल्यात, त्याही अन्नपूरक म्हणून. वनस्पतीचं आहे म्हणजे निर्धोक, हा समज ब्रुसेल्समधल्या बायकांना महाग पडला होता. 1990 नंतरच्या काही वर्षांत बारीक होण्यासाठी चिनी जडीबुटी घेतलेल्या अनेकींच्या किडन्या निकामी झाल्या. किडनी सुधारण्याचा दावा करायचा असेल, तर त्या डबीला औषधाचेच नियम लावा आणि माणसांवरच्या चाचणीचा निकाल मागा. अन्नपूरकाच्या पळवाटेनं दावा विकू देऊ नका.

तोवर ओपीडीला येताना डबी सोबत आणा, लेबल मी वाचतो. शोषण वाढावं म्हणून अशा गोळ्यांत पुष्कळदा मिरीचा अर्क घालतात, आणि तो काही औषधांचं शरीरातलं विघटन रोखू शकतो. प्रत्यारोपण झालेल्यांना मी ती डबी बंदच करायला सांगतो. शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून दिलेल्या टॅक्रोलिमस या औषधाची रक्तातली पातळी ढळली, तर आईनं दिलेली किडनी पणाला लागते.