दयाळ आणि कस्तुर

वसईच्या पश्चिमेस किनाऱ्यालगत हिरव्यागार वाड्या आहेत आणि पूर्वेस तुंगारेश्वराचा डोंगर उभा आहे. या दोन ठिकाणी दोन गुणी गायक राहतात. वाडीतला गायक तो दयाळ आणि डोंगरातला तो शीळकरी कस्तुर.

दयाळाचा नर काळा-पांढरा व डौलदार असतो. उन्हाळ्यात पहाटेच झाडाच्या शेंड्यावर बसून तो गाऊ लागतो. इतर पक्ष्यांच्या आवाजाची नक्कलही तो हुबेहूब करतो. किडे हे त्याचे मुख्य अन्न. म्हणून तो बागाइतदाराचा मित्रच होय. जुन्या झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या भोकात तो घरटे बांधतो. कस्तुर त्याहून मोठा व काळसर असून त्याच्या कपाळावर व खांद्यांवर निळी झळाळी असते. पावसाळ्यात ओढ्याकाठी त्याची शीळ घुमते. एखादा शाळकरी मुलगा रमतगमत शीळ घालीत चालला आहे, असा भास ती ऐकून होतो. त्याचे घरटे ओढ्याकाठच्या कपारीत असते.

जगातील पक्ष्यांची स्थिती नोंदणाऱ्या आंतरराष्ट्रीय यादीत हे दोन्ही पक्षी 'कमी चिंतेचे' मानले आहेत. परंतु तेवढ्यावरून निश्चिंत होणे शहाणपणाचे नाही. यादी साऱ्या मुलखाचा विचार करते, एका गावाचा नव्हे. सिंगापुरात १९२० च्या सुमारास दयाळ सर्रास दिसे. पुढे रान तुटले, पिंजऱ्यासाठी पक्षी पकडले गेले आणि १९७० नंतर तेथे तो क्वचितच दिसू लागला.

मग वसईत अधिक काळजी कोणाची करावी? कस्तुराचा मुलूख लहान; मुख्यतः सह्याद्री व आसपासचे डोंगर एवढाच. म्हणून तोच अधिक असहाय वाटतो. परंतु तुंगारेश्वराचे रान २००३ साली अभयारण्य झाले. त्याच्या घराला राखणदार मिळाला. दयाळ दूरदूरच्या देशांत आढळतो. पण वसईतल्या त्याच्या वाडीला असा राखणदार नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे त्याला कोणी पकडू शकत नाही, हे खरे. परंतु बावखल बुजवले, जुने झाड तोडले आणि तेथे इमारत उठली, तर त्याने राहावे कोठे?

दुर्मिळ वस्तू सारेच जपतात. नित्याची वस्तू मात्र हरवल्यावर आठवते. म्हणून वाडीतील ढोलीचे एक जुने झाड राखणे, हेही अभयारण्य राखण्याइतकेच मोलाचे काम आहे.