मांजराचे खेळणे आणि शिवणाचा दोरा

मी माणसांचा डॉक्टर. तरी मागे एकदा एक गृहस्थ आपली मांजरी पिशवीत घालून दवाखान्यात आले. शिवणाच्या दोऱ्याशी खेळताना तिने तो गिळला होता. टोक तोंडाबाहेर लोंबत होते. "डॉक्टर, ओढून काढू का?" मी त्यांचा हात धरला आणि तडक पशुवैद्यांकडे धाडले.

मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात. त्यामुळे तोंडात गेलेला दोरा त्याला सहसा थुंकता येत नाही. तो पोटात गेला की आतड्याला चुण्या पडतात. ओढला तर आतडे कापलेही जाते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की दोरा, लोकर आणि रबरबँड ही खेळणी नव्हेत. कागदाचा बोळा, टेबल टेनिसचा चेंडू, रिकामे खोके पुरेसे आहे. दोरीचे खेळणे आपण हातात धरूनच खेळवावे आणि खेळ संपताच कपाटात ठेवावे.

खाऊ म्हणून उकडलेल्या कोंबडीचा बिनहाडाचा लहान तुकडा द्यावा. कांदा-लसणाचा रस्सा मात्र नको; त्याने मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. दूधही पुष्कळ मोठ्या मांजरांना पचत नाही, जुलाब होतात.

आज रात्री शिवणाचा डबा बंद आहे ना, एवढे अवश्य पाहा.